मधला माणूस हटवा, पण जाब कुणाला विचारायचा?

दान आणि सेवाभावी संस्था यांच्या भवितव्यावर बोलणं निघालं की हल्ली वाद एका ठरावीक खडाजंगीपाशी येऊन थांबतो. एक बाजू म्हणते, आता हातोहाती फोन आहेत, पैसे क्षणात पोचतात, गरजू कोण हेही यंत्र शोधून देतं. मग मधल्या संस्था, त्यांची कार्यालयं, गाड्या आणि चर्चासत्रं हवीत कशाला? दुसरी बाजू दुखावल्या स्वरात सांगते की सेवा अंतःकरणातून येते, ती बटण दाबून होत नसते. पहिल्यांना वाटतं दुसरे आपली दुकानं सांभाळताहेत, दुसऱ्यांना वाटतं पहिल्यांनी गरिबी जवळून पाहिलेलीच नाही. दोघांच्याही संशयात तथ्य आहे. पण दोघंही पैसा कसा वाहावा याच्यावरच भांडताहेत, आणि पैसा वाहणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सोपा भाग आहे. तो आता जवळजवळ फुकटात होऊ लागला आहे. ज्या संस्था फक्त तेवढंच करत होत्या त्या बंद पडतील, आणि त्यांच्यासाठी गळा काढण्याचं कारण नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की देणं जितकं सोपं होत जाईल तितका एक जुना प्रश्न उघडा पडत जाईल: चुकलं तर घेणाऱ्यानं जायचं कुणाकडे? पुढच्या काळात संस्थेची किंमत या प्रश्नाच्या उत्तरावर ठरेल, आणि ठरायला हवी.

आधी समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मोकळेपणानं मान्य करू. गरिबाच्या हातात रोख पैसे दिले की तो ते व्यसनात उडवणार, ही समजूत दानाच्या जगात फार वर्षं राज्य करून होती. मीही ती पुष्कळ काळ बाळगली होती. कुणी पुरावा मागितला नव्हता, म्हणून शोधलाही नव्हता. केनियाच्या पश्चिम भागात ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेनं गरीब कुटुंबांना मोबाइलवरून विनाअट रोख रक्कम दिली आणि संशोधकांनी पैसे मिळालेल्या व न मिळालेल्या कुटुंबांची तुलना केली. लोकांनी घरावर पत्रे घातले, जनावरं घेतली, खाण्यावर जास्त खर्च केला. दारू आणि तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. जागतिक बँकेतल्या अभ्यासकांनी निरनिराळ्या देशांतले असे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हाही चित्र हेच दिसलं. म्हणजे ज्या संस्था ‘यांना पैशाची अक्कल नाही, आम्हीच ठरवू यांना काय हवं ते’ या गृहीतकावर उभ्या होत्या, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली आहे. शिवाय संस्थांचे आपले दोष आहेतच. अहवाल लिहायचा तो देणगीदारासाठी, फोटो काढायचा तोही त्याच्याचसाठी, आणि प्रकल्पाची तीन वर्षं संपली की ज्यांच्यासाठी प्रकल्प होता ते जागच्या जागी आणि संस्था नव्या विषयाच्या शोधात. ‘लाभार्थी’ हा शब्दच पाहा. त्यात लाभ आहे, अर्थी आहे, तोंड मात्र नाही.

इतकं सगळं मान्य केल्यावर मधला माणूस काढून टाकावा, असा निष्कर्ष निघतो का? मधला माणूस निघून जातो, हेच मुळात खरं नाही. तो फक्त दिसेनासा होतो. नोंदणी कुणीतरी करतं, सिमकार्ड कुणीतरी देतं, यादी कुणाच्या तरी संगणकात असते. याच ‘गिव्हडायरेक्टली’नं २०२३ मध्ये जाहीर केलं की काँगोच्या दक्षिण किवू भागात त्यांच्याच काही कर्मचाऱ्यांनी संगनमत करून सुमारे ९ लाख डॉलर लाटले. कुंपणानंच शेत खाल्लं. तिथली परिस्थिती अशांत असल्यामुळे नेहमीच्या नियमांना सूट देऊन सिमकार्डची जबाबदारी कर्मचाऱ्यांकडे सोपवली गेली होती आणि नेमकी तीच फट सापडली. थेट दानाच्या विरोधकांनी यावर टाळ्या पिटल्या. मला मात्र यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पैसे गेल्याचं कळलं, कारण तपास करणारी आणि ‘आमचं चुकलं’ असं नावानिशी लिहिणारी एक संस्था तिथे होती. समजा हेच पैसे कुठल्याशा ॲपवरून हजार अनोळखी दात्यांनी पाठवले असते, तर ते पोचले नाहीत हे दात्यांना कधी कळलं असतं? आणि न पोचलेल्या कुटुंबानं कुणाचं दार ठोठावलं असतं?

बाराव्या शतकात मायमॉनिडीज या ज्यू विचारवंतानं दानाच्या आठ पायऱ्या मांडल्या. सर्वांत वरची म्हणजे माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असं उभं करणं की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. तिच्या खालोखाल, देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही असं दान. आपल्या गुप्तदानाच्या कल्पनेपाशीच हे येतं. पण याच पायरीवर त्यानं एक व्यवहारी सूचना करून ठेवली: सामाईक पेटीत दान टाकायचं तर पेटी सांभाळणारा विश्वासू असल्याची खात्री करून घ्या. दाता आणि याचक यांच्यामधला संकोच घालवायचा, तर मध्ये भरवशाचं कुणीतरी लागतं, हे त्याला आठशे वर्षांपूर्वी कळलं होतं. पेटीची आता ॲप झाली आहे. सांभाळणारा कोण, हे विचारायची सवय तेवढी सुटली.

यंत्रानं गरजू शोधण्याचं उदाहरण म्हणून टोगो या छोट्या आफ्रिकी देशाचं नाव नेहमी घेतलं जातं, आणि योग्यच घेतलं जातं. २०२० मध्ये महासाथीनं कामधंदे बंद पडले तेव्हा तिथल्या सरकारनं ‘नोव्हिसी’ नावाची योजना काढून लोकांच्या मोबाइलवर पैसे पाठवले. पुढच्या टप्प्यात उपग्रहाची छायाचित्रं आणि मोबाइल वापराच्या नोंदी यांच्या आधारे सर्वांत गरीब भाग आणि माणसं हेरली गेली. घरोघर पाहणी करणं अशक्य असताना हे झालं, ही लहान गोष्ट नव्हे. पण या प्रयोगावर संशोधकांनीच लिहिलेला निष्कर्ष, त्याचं कौतुक करणारे अर्धाच सांगतात. नुसता भाग निवडून वाटप करण्यापेक्षा यंत्राची पद्धत सरस ठरली, वगळल्या गेलेल्या गरजूंची संख्या घटली. मात्र देशात सगळ्या कुटुंबांची नीट सामाजिक नोंदवही असती, तर तिच्या तुलनेत यंत्रानं जास्त गरजूंना वगळलं असतं. टोगोकडे तशी नोंदवही नव्हती, म्हणून यंत्र कामी आलं. आग लागली असताना हाताशी असलेली बादली घ्यावीच. पण त्यावरून विहीर खणायची गरज नाही असं ठरवणं हा शहाणपणा नव्हे. ज्या बाईकडे फोनच नाही ती त्या यंत्राच्या दृष्टीनं गरीबही नाही आणि श्रीमंतही नाही. ती नाहीच.

हा वाद वाटतो तितका नवा नाही. लंडनमध्ये १८६९ साली ‘चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी’ स्थापन झाली, तिच्यामागची तक्रार आजच्या पोस्टमध्ये जशीच्या तशी बसेल: दान विस्कळीत आहे, एकच माणूस पाच दारांतून घेतो, खरा गरजू राहून जातो, भावनेच्या भरात दिलेला पैसा वाया जातो. उपाय काय? प्रत्येक भागात नोंदवही ठेवा, घरी जाऊन चौकशी करा, पात्र आणि अपात्र अशी विभागणी करा. या चळवळीतूनच पुढे समाजकार्य हा शिस्तबद्ध व्यवसाय घडला, हे श्रेय तिचं आहे. पण तिच्या चौकशीचा रोख काय होता? हा माणूस मदतीला लायक आहे का? त्याची मजुरी इतकी कमी का, हा प्रश्न त्या नोंदवहीच्या रकान्यात मावत नव्हता. आजचं अल्गोरिदम त्या वहीचं नातवंड आहे. हिशेबाला कितीतरी तल्लख, पण प्रश्न आजोबांचाच विचारतं.

तो दुसरा प्रश्न विचारला कुणी, तर १८८९ मध्ये शिकागोच्या एका स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत राहायला गेलेल्या जेन ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचं ‘हल हाउस’ हे घर सुरुवातीला थोडं भाबडंच होतं. कामगारांना कलेची गोडी लावावी असं त्यांना वाटत होतं. शेजारी राहायला लागल्यावर कळलं की गल्लीत कचऱ्याचे थर साचलेत आणि लहान मुलं कारखान्यात जाताहेत. मग ॲडम्स यांनी १८९५ मध्ये वॉर्डाच्या कचरा निरीक्षकाचं पद स्वीकारलं आणि पहाटे उठून कचऱ्याच्या गाड्यांमागे फिरू लागल्या. तिथेच राहणाऱ्या फ्लोरेन्स केली १८९३ मध्ये इलिनॉय राज्याच्या पहिल्या मुख्य कारखाना निरीक्षक झाल्या होत्या. वस्तीतल्या घरोघरच्या मजुरीचे नकाशे याच लोकांनी तयार केले. यातलं एकही काम ‘प्रति डॉलर किती लाभार्थी’ या हिशेबात आधी मांडता आलं नसतं. कचरा हाच प्रश्न आहे, हे तिथे राहिल्याशिवाय कळणारच नव्हतं. दुरून दिलेलं दान आपल्याला आधीच माहीत असलेल्या गरजा भागवतं. माहीत नसलेली गरज पुढे यायला तिथे कुणीतरी असावं लागतं, आणि त्याला दाराबाहेरून हाक मारता यावी लागते. नाहीतर सगळा प्रकार उंटावरून शेळ्या हाकण्याचा.

आता लोकवर्गणीकडे, म्हणजे क्राउडफंडिंगकडे वळू, कारण ‘संस्था नकोत’ म्हणणाऱ्यांचं हे दुसरं लाडकं उदाहरण. इथे सगळे एकमेकांना थेट मदत करतात, कुणाचं वर्चस्व नाही, असं म्हणतात. प्रत्यक्षात काय होतं? अमेरिकेत २०१६ ते २०२० या काळातल्या उपचारांसाठीच्या चार लाखांहून जास्त ऑनलाइन आवाहनांचा अभ्यास झाला. ठरवलेली रक्कम गाठणारी आवाहनं साधारण १२ टक्के निघाली आणि १६ टक्क्यांना एक पैही मिळाली नाही. ज्याचे नातेवाईक आणि मित्र पैसेवाले, ज्याला आपलं दुःख नीट लिहिता येतं, त्याला मिळतं. कंटाळवाणा आजार, न हसणारा चेहरा, मोडकी भाषा यांना कुणी वाली नाही. बाजारात निदान वस्तू विकायची असते. इथे माणसाला स्वतःची कहाणी विकावी लागते, आणि ती खपली नाही तर दोषही त्याचाच. लहान देणग्यांची ताकद मी नाकारत नाही. अमेरिकेत १९३८ मध्ये पोलिओविरुद्ध राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पुढाकारानं एक राष्ट्रीय संस्था निघाली आणि लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी पाकिटात घालून थेट व्हाइट हाउसला पाठवली. त्या चिल्लरीतून शास्त्रज्ञ जोनास साल्क यांच्या पोलिओ लशीचं संशोधन उभं राहिलं, आणि १९५५ मध्ये लस प्रभावी असल्याचं जाहीर झालं. पण नाणी आणि लस यांच्यामध्ये सतरा वर्षं गेली. त्या सतरा वर्षांत लोकांचा उत्साह उतरला तरी टिकून राहणारी, गावोगावी शाखा असलेली, कुठल्या शास्त्रज्ञाला पैसे द्यायचे हे ठरवून त्या निर्णयाची जबाबदारी घेणारी संस्था होती. २०१४ च्या उन्हाळ्यात डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेण्याच्या लाटेनं ‘एएलएस’ या स्नायू निकामी करत जाणाऱ्या आजारासाठी एका अमेरिकी संस्थेकडे ११.५ कोटी डॉलर जमवले. तिथेही लाट ओसरल्यावर ते पैसे संशोधनावर वर्षानुवर्षं खर्च करायला कुणीतरी मागे उरलं होतं, म्हणून त्यांचं काहीतरी झालं.

जाब विचारण्याचा प्रश्न खरा टोकदार होतो तो मोठ्या दात्यांपाशी. अमेरिकी तेलसम्राट रॉकफेलर यांनी आपल्या फाउंडेशनसाठी अमेरिकी संसदेकडे सनद मागितली, तेव्हा ती मिळाली नाही. शेवटी १९१३ मध्ये न्यूयॉर्क राज्याकडून घ्यावी लागली. कामगारांना दडपून मिळवलेल्या पैशातून समाजाचं भलं कशात आहे हे एकट्यानं ठरवायचा अधिकार कुणी दिला, असं तेव्हाचे टीकाकार विचारत होते. पुढे या फाउंडेशननं आरोग्याच्या क्षेत्रात मोठं काम केलं, हे खरं. पण चांगल्या कामानं तो प्रश्न सुटला का? उपकार करणारा राजा चांगला निघाला म्हणून राजेशाही योग्य ठरत नाही. आज तर सनदही मागावी लागत नाही. अमेरिकेत ‘डोनर ॲडव्हाइज्ड फंड’ नावाची खाती आहेत. पैसे त्यात ठेवले की करसवलत त्याच वर्षी मिळते आणि प्रत्यक्ष दान कधी करायचं हे दात्याच्या मर्जीवर. खाजगी फाउंडेशनला वर्षाला मालमत्तेच्या सुमारे ५ टक्के खर्च करण्याचं बंधन आहे, या खात्यांना तेही नाही. अशा खात्यांत २५० अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम पडून आहे. कर बुडाला आज, भुकेल्याला मिळणार केव्हा तरी. दानाचं भविष्य म्हणून ज्याची जाहिरात होते त्याचा मोठा भाग हा आहे, आणि यावर वाद घालायचं सोडून आपण ॲप चांगलं की कार्यकर्ता चांगला यावर घसा कोरडा करतो.

दात्यानं मेल्यावरही सूत्रं हातात ठेवावीत का, हा याच प्रश्नाचा दुसरा चेहरा. बेंजामिन फ्रँकलिन १७९० मध्ये वारले, तेव्हा त्यांनी बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी हजार पाउंड ठेवले, तेही दोनशे वर्षांच्या योजनेसह. त्यातून उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी संपवलेल्या तरुण कारागिरांना धंद्यासाठी कर्ज द्यायचं आणि व्याजातून गंगाजळी वाढवायची. माणूस हिशेबी आणि हेतू निर्मळ. पण शंभर वर्षांच्या आतच उस्तादाकडे उमेदवारी करणारे तरुण दिसेनासे झाले, कारखाने आले, आणि विश्वस्त कर्जदार शोधत बसले. १९९० मध्ये मुदत संपली तेव्हा रक्कम बॉस्टनमध्ये ५० लाख डॉलरांच्या आसपास होती आणि फिलाडेल्फियात २० लाखांच्या. फ्रँकलिनसारख्याला शंभर वर्षांपुढचं दिसलं नाही, तिथे इतरांची काय कथा?

याच्या उलट ज्यूलियस रोझेनवाल्ड. या व्यापाऱ्यानं १९१७ मध्ये फंड स्थापन केला आणि आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांत सगळा पैसा संपवायचा अशी अट घातली. १९३२ मध्ये ते गेले, १९४८ मध्ये फंडही संपला. रोझेनवाल्ड यांच्या मदतीनं अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी जवळपास ५,००० शाळा उभ्या राहिल्या. या शाळांचं खरं वैशिष्ट्य वेगळंच आहे. प्रत्येक शाळेसाठी स्थानिक लोकांनी वाटा उचलायचा आणि सरकारी शिक्षणखात्यानं शाळा चालवायची, असा करार होता. शेवटी हिशेब झाला तेव्हा कृष्णवर्णीय समाजानं जमवलेली रक्कम रोझेनवाल्ड यांच्या रकमेपेक्षा थोडी जास्तच भरली. आता यातला दाता कोण आणि लाभार्थी कोण? ज्याचा पैसा आणि घाम त्यात आहे तो शाळेचं छप्पर गळलं तर गप्प बसत नाही. यावर एक कडवट आक्षेप आहे आणि तो खोडता येत नाही: हे लोक कर भरतच होते, मग आपल्याच मुलांच्या शाळेसाठी त्यांनी दुसऱ्यांदा पैसे का भरायचे? माझ्यापाशी एवढंच उत्तर आहे की दुसऱ्यांदा भरले म्हणून शाळेवर त्यांचा हक्क वादातीत झाला. अन्याय तरीही उरलाच.

कधीच न संपणाऱ्या, ‘अमर’ फाउंडेशनांची बाजू घेणारे म्हणतील की चिकाटीचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं, पैसा संपवून टाकला तर ते कोण करणार. मुद्दा बिनतोड नसला तरी वजनदार आहे. पण काळाचा कल दुसरीकडे दिसतो. गेट्स फाउंडेशननं २०२५ मध्ये जाहीर केलं की २०४५ पर्यंत सुमारे २०० अब्ज डॉलर खर्च करून ते दार बंद करणार. मला हा निर्णय पटतो. फक्त तो निर्णय घेताना, ज्या देशांतले दवाखाने या पैशांवर चालतात त्यांतल्या कितीजणांना मत होतं?

इथे काही वाचक म्हणतील, मग हे सगळं सरकारवर सोपवा, दान हवंच कशाला? तत्त्वतः मी त्यांच्या जवळ आहे. आकडेही त्यांच्याच बाजूनं बोलतात: २०२३ मध्ये श्रीमंत देशांच्या सरकारांनी दिलेली विकासमदत २२० अब्ज डॉलरांच्या पुढे होती, तर जगातल्या सर्वांत मोठ्या फाउंडेशनांपैकी एक असलेल्या गेट्स फाउंडेशनचा वर्षाचा खर्च ९ अब्जांच्या घरात. पण २०२५ मध्ये अमेरिकेनं ‘यूएसएड’ ही आपली मदतयंत्रणा काही महिन्यांत मोडीत काढली, तेव्हा दिसलं की सरकारही दात्यासारखंच वागू शकतं. ते मतदारांना उत्तर देतं, आणि औषधाच्या रांगेत उभा असलेला माणूस दुसऱ्या देशातला असेल तर तो त्या सरकारचा मतदार नसतो. म्हणजे जाब विचारण्याचं दार सरकार, संस्था आणि श्रीमंत दाता या तिघांकडेही आपोआप येत नाही. ते मुद्दाम बसवावं लागतं.

बसवायचं म्हणजे काय? ज्यांच्यासाठी काम चालतं त्यांतली माणसं विश्वस्त मंडळात मतासह हवीत, सत्कारापुरती नकोत. यंत्रानं कुणाला वगळलं तर ‘का’ विचारायला माणूस हवा आणि निर्णय फिरवायचा अधिकार त्या माणसाला हवा. तक्रारी किती आल्या, किती खऱ्या निघाल्या, हे यशोगाथांच्या शेजारी छापलं जायला हवं. ज्या संस्थेकडे वर्षभरात एकही तक्रार आली नाही, तिच्याबद्दल मला आदर वाटत नाही, शंका येते.

आणि याला खर्च येतो. तक्रार ऐकणारी बाई पगार घेते, गावात राहणाऱ्या कार्यकर्त्याला घरभाडं लागतं, हिशेबतपासनीस फुकट येत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत संस्थांचं मूल्यमापन करणाऱ्या तीन प्रमुख संस्थांनी एकत्र पत्र काढून देणगीदारांना विनवलं होतं की नुसत्या प्रशासकीय खर्चाच्या टक्क्यावरून संस्था जोखू नका. त्याआधी हा टक्का ठळकपणे मांडण्यात त्यांचाही हात होता. आजही दान मागणाऱ्या पानांवर ‘तुमच्या शंभरातले शंभर गरजूपर्यंत’ अशी पाटी दिमाखात झळकते, आणि आपण त्याच पाटीकडे बघून बटण दाबतो. शंभरातले शंभर पोचवणाऱ्याकडे, ते चुकीच्या दारी गेले तर फोन उचलायला कोण बसलंय, आणि त्याचा पगार कुठल्या रकान्यातून निघतोय?